सेलवाली आपा

पस्तीस वर्षं मी सेल मोजले. हे वाक्य मी जिथे म्हणून उच्चारलं, तिथे ऐकणाऱ्याने आपल्या सोयीचा अर्थ घेतला. हिमायतनगरच्या नणंदेने विचारलं, "कुठल्या दुकानात लागलाय गं?" मलकपेठेत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं बंद घड्याळ काखेत मारून खाली आले. सून पुण्याची, कंप्युटरवाली. तिला वाटलं, सासूबाई एक्सेलच्या चौकटी भरत असणार, आणि तिच्या नजरेत माझ्याबद्दल जरासा आदर आला. तो मी लगेच घालवला नाही. एकदा शहाणपणा करून 'पेशी मोजते' असं शुद्ध मराठीत म्हणून पाहिलं, तर सासरे जेवता जेवता थांबले. गावाकडच्या जमिनीच्या दाव्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं, आणि जुन्या निजामी मुलखातल्या माणसाला पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. "आता कोणाची पेशी निघाली?" त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून मी पुन्हा सेलवर आले.

तर सरळच सांगते. नारायणगुड्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर रक्त तपासायची लॅब होती, तिथे मी टेक्निशियन होते. आपल्या रक्तात तांबड्या, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असतात. किती आहेत, कशा आहेत ते बघणं हे माझं काम. प्लेटलेट म्हणजे रक्ताला बांध घालणारे बारीक तुकडे. जखम झाली की ते धावून जातात आणि गळती थांबवतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या मोहरीएवढ्या थेंबात दीड लाखाच्या वर असतात. हैदराबादेत डेंग्यूचा हंगाम आला की भाजीवालीसुद्धा कोथिंबिरीच्या जुडीबरोबर प्लेटलेटचे आकडे सांगते, म्हणून जास्त समजावत नाही.

पूर्वी हे सगळं हाताने मोजायचं. त्यासाठी काचेचा एक जाड तुकडा असतो. त्याच्या मधोमध तिळाएवढ्या जागेत रेषा मारून शेकडो खाने पाडलेले असतात. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही, भिंगाखाली धरलं की आखीव गाव दिसतं. रक्ताचा थेंब पातळ करून त्यावर सोडायचा आणि एकेका खान्यातल्या पेशी मोजायच्या. खरं दुखणं असतं ते रेषेवर बसलेल्यांचं. त्या धड इकडच्या नाहीत, धड तिकडच्या नाहीत. त्यांच्यासाठी नियम असा की डाव्या आणि वरच्या रेषेवरच्या आपल्या, उजव्या आणि खालच्या रेषेवरच्या शेजारच्या खान्याच्या. म्हणजे कोणी दोनदा मोजलं जात नाही आणि कोणी सुटतही नाही. पुण्याचे पाहुणे आमचं मराठी ऐकून आम्हा हैदराबादकरांना रेषेवरचे समजतात, त्यांना हा नियम एकदा समजावून सांगायचा आहे.

मोजताना मला कोणी हाक मारायची नाही, हा लॅबमधला दंडक. मध्येच बोललं की आकडा जातो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ही सवय घरीही लागली. भाजी निवडताना मी गप्प असले की आमचे हे मुलांना सांगत, "आई मोजतेय, नंतर या." मी नुसती रागावलेली असायचे, पण ते काही मी उघड केलं नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एकदा एक गृहस्थ रक्ताची नळी घरूनच घेऊन आले. रुग्णाचं नाव बादशाह, वय नऊ, पुरुष. मुलगा भितो म्हणून घरीच रक्त काढून आणलं म्हणाले. काचेवर थेंब पसरून मी भिंगाखाली धरला, तर तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून लांबच लांब रांगा लागलेल्या. लाडबाजारात दांडीवर बांगड्या ओवून ठेवतात ना, थेट तशा. माणसात असं थोडंफार दिसतं, पण इतकं नाही. शिवाय पेशी आकारानेही लहान. नऊ वर्षांचं लेकरू, काय झालं असेल? बाहेर येऊन मी विचारलं, "बच्चे की अम्मा किधर है?" गृहस्थ खाली मान घालून उभे. मग म्हणाले, "मॅडम, अम्मा तो कब की बिक गयी. घोड़ा है मेरा, बारात का. दो दिन से दाना नै खारा." वसुंधरा मॅडम, म्हणजे आमच्या लॅबच्या मालकीण आणि डॉक्टर, आधी भडकल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. जनावरांच्या डॉक्टरचा पत्ता देऊन त्यांनी बादशाहच्या मालकाला पाठवून दिलं. ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं मोठ्या ऐटीत सांगत असे. डोळ्यांनी बघितलं म्हणून घोडा सापडला, असं तिचं तात्पर्य असायचं. तात्पर्य सांगायची फार हौस असलेल्या माणसाची कशी जिरते, ते आता सांगायचं आहे.

आमच्या लॅबमध्ये एक लाल कापडी बांधणीची वही होती. तिला आम्ही चूक-वही म्हणायचो. ज्याच्या हातून चूक होईल त्याने आपल्या हाताने, आपल्याला येईल त्या भाषेत, त्यात लिहायचं: काय चुकलं, आणि काय बघायचं राहून गेलं. नवीन माणूस कामावर आला की वसुंधरा मॅडम त्याला नळीला हात लावू देत नसत. आधी बसून ती वही वाचायची. तेलुगू पानं होती, उर्दू होती, इंग्रजी होती. मराठी पान एकही नव्हतं, कारण मराठी येणारी मी एकटी आणि माझी चूक कधी सापडली नव्हती. याचा मला गर्व होता, तो लपवत नाही.

पुढे मशीन आली. एका बाजूने नळी लावायची, दुसऱ्या बाजूने आकडे बाहेर. खान्यांची काच ड्रॉवरमध्ये गेली. नियम मात्र ठेवला होता: प्लेटलेट लाखाच्या खाली दिसले की मशीनवर विसंबायचं नाही, काचेवर थेंब पसरून स्वतः बघायचं. सुरुवातीला मी रोज बघत होते. मग गर्दी वाढली आणि बघणं कमी झालं.

आता लतीफभाई. लॅबच्या जिन्याखाली त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, कपाटच. माणूस आत बसला की दार लावता येत नसे. मागच्या भिंतीवर काडेपेट्या एकमेकींना चिकटवून त्यांनी बारीक बारीक खण केले होते. प्रत्येक काडेपेटीवर आकडा, आत त्या मापाचे घड्याळाचे सेल. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, वर तुम्ही काय करता? मी सांगितलं. ते खूश झाले. "यानी आप बी सेलवाले, हम बी सेलवाले! धंदा एकीच है, आपा." तेव्हापासून मी त्यांची सेलवाली आपा, म्हणजे थोरली बहीण. सकाळी जिना चढताना "आपा, सलाम" आणि संध्याकाळी उतरताना "आपा, संभालके." माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा सेल तेच बदलत. मला सख्खा भाऊ नाही. आमच्या घरच्या दोन्ही लग्नांत मानाचा शेला लतीफभाईंच्या खांद्यावर पडला, तेव्हा पाहुण्यांनी जरा बघितलं आणि मग सवय करून घेतली.

त्यांची मुलगी शबाना मला फुप्पू म्हणायची, म्हणजे आत्या. पोरगी धीट आणि काटक. रोज सकाळी मैदानावर धावायची. मी निवृत्त व्हायच्या तीनेक वर्षं आधी ती बायकांच्या तुरुंगातल्या पहारेकरणीच्या नोकरीसाठी निवडली गेली. लेखी झालं, धावणं झालं, वैद्यकीय तपासणी तेवढी उरली. लतीफभाई जिन्याच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "मैं सेल बदलतूँ, आपा सेल गिनते, अब मेरी पोट्टी सेल कू ताला लगाएगी!"

तपासणीसाठी रक्ताचा रिपोर्ट हवा होता. शबाना आमच्याकडेच आली. हंगाम डेंग्यूचा, बाहेर बाकांवर जागा नाही. मशीनने सांगितलं, प्लेटलेट एकवीस हजार. मी दचकले. मग आठवलं, पंधरा दिवसांपूर्वी तिला ताप येऊन गेला होता. झालं, माझं उत्तर तयार. अंगावर कुठे लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही, मुलगी जिना दोन पायऱ्या एकदम चढून आलेली, यातलं मला काहीच दिसलं नाही. काचेवर थेंब पसरला नाही. घरचं माणूस, लवकर कळलं तर लवकर इलाज होईल, म्हणून रिपोर्ट सगळ्यांच्या आधी टाइप केला. मॅडम माझ्या भरवशावर सही करत. रिपोर्ट घेऊन मी स्वतः जिना उतरले आणि लतीफभाईंच्या हातात दिला.

त्यानंतरचा आठवडा त्या घराने कसा काढला, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. शबानाचं धावणं बंद. तिची आई सकाळ-संध्याकाळ पपईच्या पानांचा रस तिच्या घशात ओतत होती. त्यांनी दुसऱ्या एका लॅबमध्येही रक्त दिलं. तिथेही वीस-बावीस हजारच आले, म्हणजे उरलीसुरली शंका गेली. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडातला मगज काढून बघावा लागेल. आणि नोकरीचे कागद अडले. सोमवारपर्यंत नीट रिपोर्ट दिला नाही, तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणार होते. शनिवार उजाडला तेव्हा लतीफभाई सलाम करत होते, पण 'संभालके' म्हणायचं विसरत होते.

त्या दुपारी डबा खाऊन मी खाली त्यांच्याशी दोन शब्द बोलायला गेले. ते एका घड्याळाचा सेल तपासत होते. त्यांच्याकडे सेल तपासायची चिमटीएवढी मशीन होती. काटा हललाच नाही. "मेला वाटतं," मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, सेल उलटा करून बघितला, कापसाने पुसला आणि पुन्हा लावला. काटा टपकन पुढे गेला.

"सेल अच्छाच था," ते मान वर न करता म्हणाले. "ऊपर मैल चिपकेला था. मशीन झूट नै बोलती, आपा. मगर जित्ता पूछे उत्ताच बोलती."

मी तशीच जिना चढले. शबानाची काच शोधायला लागले. तपासलेल्या काचा आम्ही महिनाभर जपून ठेवत असू. तिची काच नव्हती. नसणारच, ती मी केलीच नव्हती.

मी शबानाला बोलावून घेतलं. ती आली ती हात जोडूनच. "फुप्पू, कित्ता बी खून लो, मगर पपीते का पत्ता अब नक्को. जबान हरी हो गयी मेरी." मागोमाग लतीफभाई. त्यांचा गुडघा धरलेला असायचा, इतक्या वर्षांत ते चारदोन वेळाच वर आले असतील. दाराशी उभे राहिले.

आधी मी नेहमीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं, पाच-दहा मिनिटं थांबले, थेंब पसरला आणि भिंगाखाली धरला. काचेच्या कडेला, जिथे थर पातळ होत जातो तिथे, प्लेटलेट होते. ढिगाने होते. द्राक्षांच्या घडांसारखे एकमेकांना बिलगून बसले होते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं. हजारांत एखादं माणूस असं असतं की त्याचे प्लेटलेट त्या औषधाने एकमेकांना चिकटतात. मशीन मग सुटे तेवढेच मोजते, घड तिच्या हिशोबातच येत नाहीत. रोग अंगात नसतो, नळीत असतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नवीन मुलींना हे मीच शिकवत आले होते.

ड्रॉवर उघडून मी खान्यांची काच काढली, पुसली. या वेळी नळीच नको म्हणून शबानाच्या बोटाला टोचलं, थेंब सरळ पातळ करायच्या द्रावणात घेतला आणि काचेवर सोडला. ओल्या कागदाच्या घडीजवळ काच झाकून ठेवली. प्लेटलेट खाली बसायला पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागतात. मग मी मोजायला बसले. बारीक, चमकणारे ठिपके, सुटे सुटे, खान्याखान्यांत. डाव्या रेषेवरचे आपले, वरच्या रेषेवरचे आपले. एकदा मोजून झालं. विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या बाजूचं मोजलं. दोन लाख दहा हजार.

"शबाना ठीक है," मी म्हणाले. "पूरी ठीक है." पोरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

लतीफभाई पुढे आले. "मेरेकू दिखाओ." आयुष्यभर भिंगातून बघितलेला डोळा, त्यांना लगेच दिसलं. बराच वेळ बघत राहिले. "इत्ते से खाने में मेरी बच्ची थी?" असं म्हणाले. मग विचारलं, "जो लकीर पे बैठे हैं, वो?"

मी नियम सांगितला.

"यानी किसी कू बी छोड़ते नै आप लोगाँ."

तिथे मला गप्प बसता आलं असतं. मशीनची चूक, नळीची चूक, कशावरही ढकलता आलं असतं, आणि त्यांनी ते आनंदाने मानलं असतं. लॅबमधला माझा लौकिक तसाच राहिला असता. पण ते भिंगावरून डोळा उचलून माझ्याकडे बघत होते.

"छोड़ते नै," मी म्हणाले. "मगर मैं छोड़ दी, लतीफभाई. पिछले हफ्ते मैं देखीच नै थी. देखना मेरा काम था. मशीन का नंबर लिखके आपके हात में दे दी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, शबानाकडे बघितलं. हिरव्या जिभेची पोरगी, आठ दिवसांत डोळ्यांखाली काळं आलेलं. मग खाली बघून म्हणाले, "अच्छा, मॅडम." आणि कठडा धरून एकेक पायरी उतरून गेले.

मॅडम. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

वसुंधरा मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः काच बघितली, निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायला लावलं. त्यात औषध वेगळं असतं, त्यामुळे मशीननेही आता बरोबर आकडा दिला. पहिला रिपोर्ट चुकीचा होता आणि का चुकला, हे त्यांनी नव्या रिपोर्टवर स्पष्ट लिहिलं. मला रागावल्या नाहीत. लाल वही काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "शैलाम्मा, रायंडी." लिहा. मी लिहिलं. वहीतलं पहिलं मराठी पान. आता गेल्या वर्षी मी निवृत्त झाले, पण ते पान तिथेच आहे. नवीन मुलींना मराठी वाचता येत नाही, म्हणून कोणीतरी त्याच्या खाली तेलुगूत अर्थ लिहून ठेवला आहे. शेवटची ओळ अशी आहे: ओळखीचं माणूस होतं, म्हणून बघितलं नाही.

सोमवारी रिपोर्ट पोचला, शबानाचे कागद पुढे सरकले. सगळं गोड झालं म्हणायचं. पण लतीफभाई महिनाभर मला मॅडमच म्हणत राहिले. "मॅडम, सलाम." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागत होतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. 'संभालके' नाहीच. त्याच महिन्यात माझ्या मनगटावरचं घड्याळ बंद पडलं. नारायणगुड्यात घड्याळवाल्यांना काय तोटा? पण दुसऱ्याकडे जायला पाय निघेना आणि त्यांच्यापुढे हात करायचं तोंड नव्हतं. बंद घड्याळ तसंच बांधून मी रोज जिना चढत-उतरत राहिले. घरी सून म्हणाली, "आई, तुमचं घड्याळ चुकतंय." मी म्हटलं, माहीत आहे.

एका सकाळी शबाना वर आली. खाकी वर्दी, कडक इस्त्री, हातात मिठाईचा डबा. प्रशिक्षणाला निघाली होती. मला वाकून सलाम केला आणि म्हणाली, "फुप्पू, अब्बा नीचे बुलारे."

मी उतरले, मागोमाग शबाना. लतीफभाई कपाटात बसले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"घड़ी."

मी मनगटावरचं घड्याळ सोडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. "कब से बंद है?"

"महिना हुआ."

"रोज देखराऊँ मैं. काँटे एकीच जगह पे." मग जरा थांबून, "दूसरे दुकानाँ नै थे क्या नारायणगुडे में?"

"थे."

त्यांचा हात सवयीने तपासायच्या मशीनकडे गेला, अर्ध्यात थांबला, परत आला. डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडून आधी नीट निरखून बघितलं. मग मागच्या भिंतीवरची एक काडेपेटी ओढून त्यांनी नवा सेल काढला, बसवला, झाकण दाबलं. घड्याळ कानाशी धरलं. चावी बाहेर ओढून काटे लावायला तयार झाले.

"टाइम बोलो, आपा," ते म्हणाले.

मी दुकानात टांगलेल्या सगळ्या घड्याळांकडे बघितलं, पण मला एकाचेही काटे दिसेनात. वेळ शबानाने सांगितली.